वाऱ्याला हाक

जे दिसत नाही ते शिकवायचं म्हणजे माझ्यासारख्या तापट बाईच्या जिवाला घोर. गाय शिकवायची असली तर खिडकीतून बोट दाखवावं, बाहेर गाय उभी असतेच. वारा शिकवायचा तर कुठे बोट दाखवणार? कंधारहून मी स्कूटीवर ज्या गावात शाळेला जाते तिथली तिसरी-चौथीची पोरं एका खोलीत माझ्याकडे असतात. पहिली-दुसरी शेजारच्या खोलीत सरांकडे. दर वर्षी मी विचारते, वारा कुठून येतो? दर वर्षी तीच उत्तरं. झाडं हलतात म्हणून वारा येतो. झाडांना हलवतं कोण, असं विचारलं की वर्ग गप्प. एका महाशयांनी मामाच्या गावी जाताना डोंगरावर पवनचक्क्या पाहिल्या होत्या. ते मोठे पंखे लाईटीवर चालतात आणि सगळ्या जिल्ह्याला वारा पुरवतात, हे त्याने असं काही छातीठोकपणे सांगितलं की अर्धा वर्ग त्याच्या बाजूने गेला. मी चिडून फळ्यावर डस्टर आपटलं. खडूची पूड उडाली, उन्हाच्या पट्ट्यात तरंगायला लागली, आणि पोरं माझ्याकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत बसली. त्या दिवशीचा पाठ त्या पुडीनेच शिकवला.

हे गमतीचं झालं. पण न दिसणाऱ्या गोष्टीची पोरांच्या मनात काय काय गणितं बसतात, ते मला माझ्यावरून ठाऊक आहे. मी लातूरकडची. मी लहान असताना आमच्याकडे जमीन हलली. आमचं घर राहिलं, पण शेजारच्या गल्लीत दगडामातीच्या जाड भिंती झोपेतल्या माणसांवर पडल्या. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी कशावरून तरी हट्ट करून पाय आपटले होते, आणि आई म्हणाली होती, 'पाय आपटू नको, जमीन हादरते.' झालं. पुढची कितीतरी वर्षं मी हळू चालायचे. घरातल्यांना वाटायचं, पोरगी शहाणी झाली. मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही. मोठी माणसं लेकरांसमोर काहीही बोलून जातात आणि विसरतात, याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

त्यानंतर आमच्या भागात लोकांनी भिंतींचा धसका घेतला. माळवदाच्या, म्हणजे वर मातीचं जड छत असलेल्या घराऐवजी पत्रा बरा, पडला तरी माणूस वाचतं, असं झालं. तो पत्रा हळूहळू सगळीकडे आला, इकडे कंधारच्या गावांतही. भिंतीवर वासे, वाशांवर पत्रे. आणि पत्रा उडू नये म्हणून त्याच्यावर दगड. जमिनीच्या भीतीने पत्रे आले आणि वाऱ्याच्या भीतीने त्यांच्यावर दगड चढले. मी स्कूटीवरून येताना बघते, फुटका पाटा, जुनं टायर, विहिरीतून निघालेले काळे धोंडे, जे जड असेल ते लोकांनी वर ठेवलेलं असतं. वर्षानुवर्षं बघून त्याचं काही वाटेनासं होतं.

जिची ही गोष्ट आहे ती माझ्या शाळेतली मुलगी तेव्हा नुकतीच दुसरी पास झाली होती. उन्हाळ्याची सुट्टी लागायला आली होती, एप्रिल संपत आला होता. मी तिथे नव्हते, पण गावाने मला हे इतक्या वेळा सांगितलं आहे की सगळं डोळ्यांसमोर येतं. हरभरा काढून झाल्यावर रानात जे घाटे सांडतात ते बायका वेचून आणतात. त्याला सर्वा म्हणतात. तिच्या आईने असा सर्वा जमवून वाळवून ठेवला होता. त्या संध्याकाळी अंगणात तो बडवला आणि सुपाने उफणायला घेतला. बाप घरीच होता, पोत्याचं तोंड धरून बसलेला. तान्हा भाऊ आत झोळीत झोपलेला. आणि वारा पडला. सूप वर धरलं तरी दाणा आणि भुसा एकाच जागी पडायला लागले.

आता मळणीयंत्रं आली तरी घरच्या मूठभर धान्याला सूपच लागतं, आणि वारा पडला की लेकरांना हाक मारायला लावतात. ही इकडची जुनी रीत. थोरांची हाक वारा ऐकत नाही, लेकराची ऐकतो, असं समजतात. कुणी ते फार मनावर घेत नाही. आई म्हणाली, 'मार गं हाक.' पोरगी पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर चढली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडली, 'ये रं वाऱ्या, ये!' वारा आला. आधी बेताचा आला. भुसा छान उडाला, आई हसली, पोरगी आणखी ओरडली. मग मावळतीकडचं आभाळ पिवळं-काळं झालं आणि जे आलं ते वेगळंच होतं. आईबाप दाणे गोळा करायला धावले. ऐन त्या घाईत पत्र्याचा एक कोपरा उचलला गेला, आपटला, पुन्हा उचलला गेला. त्या फटीतून वरचा दगड आत आला. झोळीत आला.

आई आत धावली, बाहेर आली, आणि समोर टाकीवर उभ्या असलेल्या पोरीला म्हणाली, 'तूच बोलावलंस त्याला.'

त्या बाईला मी दोष देत नाही. त्या क्षणी माणसाच्या तोंडून काय निघेल याचा जाब कुणी कुणाला विचारू नये. पण अंत्यविधीला जमलेल्या बायकांनी ते वाक्य उचललं, पाणवठ्यावर नेलं, दुकानात नेलं. पोरीनं हाक मारली अन् वारं लेकरू घेऊन गेलं. सांगणाऱ्याला सोपं, ऐकणाऱ्याला सोपं. त्यात पत्रा नाही, दगड नाही, कुणा मोठ्या माणसाचं नाव नाही.

जूनमध्ये शाळा भरली आणि ती माझ्या वर्गात आली. हजेरीला तिचं नाव घेतलं तर उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी खणखणीत 'हजर मॅडम'. तिसऱ्या दिवशी पुन्हा गप्प. मला वाटलं, दुःखाचं लेकरू आहे, लहर असेल. इकडे मृगाच्या आगेमागे वारा सुटतो तो आषाढ सरेपर्यंत थांबत नाही. दिवसचे दिवस पिंपळ सळसळत असतो, खिडक्यांची दारं आपटत असतात. कितीतरी दिवसांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वारा वाहत असला की ती तोंड उघडत नव्हती. वारा पडलेला असला, घामाने जीव नकोसा झालेला असला, की बोलायची. तेही हळू, खिडकीकडे नजर ठेवून. तहान लागली तरी पाणी मागायची नाही, पेन्सिल हरवली तरी सांगायची नाही. आपल्या आवाजाने पुन्हा काही येऊ नये म्हणून ते आठ वर्षांचं लेकरू ओठ आवळून बसत होतं. आणि बाकीची पोरं तिच्या शेजारी बसायला तयार नव्हती. 'मॅडम, तिला वरडू नका देऊ, लई मोठं वारं येतंय,' असं एकीने मला अगदी काळजीने सांगितलं.

माझं डोकं फिरलं. शाळा सुटल्यावर मी तिला स्कूटीवर बसवलं आणि तिच्या घरी गेले. बाप एकटाच होता, चुलीपुढे भाकरी थापत. थापता येत नव्हती, पीठ हाताला चिकटत होतं. आई कुठे आहे विचारलं तर म्हणाला, 'हदगावकडं, तिच्या माहेरी. जराशीक बरं वाटंल म्हून गेली.' गेल्याला दोन महिने होत आले होते.

मी त्याला मुलीचं सांगितलं. तो ऐकत राहिला, पीठ खरवडत राहिला. मग म्हणाला, 'लेकरू हाय मॅडम, इसरंल.'

'विसरणार नाही,' मी म्हणाले. 'लेकरं विसरत नाहीत. तुम्ही तिला एकदा सांगा, तुझ्यामुळे नाही झालं म्हणून.'

त्याने पुन्हा पिठात हात घातला. मी वर पाहिलं. आतून पत्रा दिसत होता, सरळ करून पुन्हा बसवलेला. बाहेर आले तेव्हा वरही पाहिलं. दगड होते तसेच होते, उलट वाढलेले होते.

'हे काढले नाहीत?' माझा आवाज चढला होता.

'उडून गेलं तर डोस्क्यावर काय ऱ्हाईल?' तो म्हणाला. 'समद्यांच्याच घरावर हायती.'

ते खरं होतं. त्या अपघातानंतर गावाने दगड उतरवले नव्हते, जास्त जड दगड चढवले होते. मी कंधारला परतले ती रस्ताभर स्वतःशी भांडत. घरी नवऱ्याला म्हणाले, ह्या पोरीच्या डोक्यातून हे भूत मी काढणार, मग तो पाठ पुस्तकात असो की नसो.

आणि मी मागे लागले. आधी सगळ्या वर्गाला फुगे दिले. ओला हात हवेत धरून कुठली बाजू गार लागते ते बघायला लावलं. किराणा दुकानातली पातळ पिशवी पळत पळत भरून आणायला लावली. आत काहीच दिसत नाही, तरी पिशवी टम्म फुगते, आणि तोंड सोडलं की गालाला लागते. न दिसणाऱ्याला वजन असतं, जोर असतो, हे पोरांना हाताला कळलं. वावटळीत भूत नाचतं म्हणणाऱ्यांना मी पटांगणात फिरणाऱ्या वावटळीत नेऊन उभं केलं. डोळ्यांत माती गेली, एकाची टोपी गेली, भूत काही भेटलं नाही. ती मुलगी सगळं करत होती, फक्त तोंड बंद ठेवून.

मग मी हाकांचा खेळ काढला. पटांगणात काठीला रिबीन बांधली आणि सांगितलं, वारा पडलेला असेल तेव्हा सगळ्यांनी मिळून हाक मारायची आणि रिबीन हलते का बघायची. पोरांना काय, ओरडायला मोकळीक मिळाली. घसे बसेपर्यंत ओरडली. रिबीन लोंबती ती लोंबतीच. मग वारा जोरात असताना त्याला थांबवायचं. 'थांब! गप बस! घरी जा!' एक पोरगं तर माझ्याच आवाजात म्हणालं, 'अंगठे धरून उभा राहा!' वारा कुणाच्या बापाला ऐकतो? शेजारच्या खोलीतून सर वैतागून बघून गेले. आणि आमच्या नादाने वर्ग हळूहळू तिच्या जवळ सरकायला लागला, कारण सगळ्यांनीच वाऱ्याला हाका मारल्या होत्या आणि कुणाचंच काही झालं नव्हतं.

ती मात्र ओरडली नाही. तिने वाट पाहिली. एका दुपारी खिचडी खाऊन पोरं खेळत होती, पान हलत नव्हतं, आणि मला ती खिडकीतून दिसली. रिबिनीसमोर एकटी. तिने इकडेतिकडे पाहिलं, हात तोंडाशी नेले आणि हाक मारली. आवाज धड निघाला नाही. पुन्हा मारली. मग घंटा होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली, रिबिनीवर डोळे लावून. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिला एकदाच पाहून खरं वाटणार नव्हतं. मी मधे पडले नाही.

काही दिवसांनी ती माझ्या टेबलाशी आली.

'मॅडम, त्या दिशी वारं आधीच निघालं हुतं का? म्या हाक मारायच्या आधी?'

मी हातातलं काम खाली ठेवलं. सांगितलं, हो. ते दुपारीच निघालं होतं, लांबून, जिथे जमीन खूप तापली होती तिकडून. तू टाकीवर चढलीस तेव्हा ते अर्ध्या वाटेवर होतं. तू चढली नसतीस तरी येणार होतं. तू त्या दिवशी शेजारच्या गावात असतीस तरी ते तुमच्या गावात येणारच होतं.

'त्याला ऐकू येत न्हाई?'

'नाही. त्याला ऐकू येत नाही, दिसत नाही, कुणाचा राग नाही, कुणावर माया नाही.'

तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी बाहेर वारा घोंगावत होता, खिडकी आपटत होती, आणि तिचं नाव घेतल्यावर वर्गातून आवाज आला, 'हजर मॅडम.' मला इतका आनंद झाला की मी पुढची दोन नावं गाळली. त्या संध्याकाळी घरी मी शिरा केला. नवऱ्याने विचारलं, आज काय आहे? मी म्हणाले, आज एक लेकरू मोकळं झालं.

मी तिथे थांबायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. लेकराने विचारलं तर सांगायचंच असतं, अर्धं सांगून उरलेलं पदराखाली ठेवायचं नसतं. आणि तिने विचारलं. 'वाऱ्याला ऐकू येत न्हाई, मंग त्यानं पत्रा कामून उचलला?'

मी वहीच्या कागदाची लांब पट्टी फाडली आणि तिच्या ओठांशी धरली. पट्टी खाली लोंबत होती. म्हटलं, हिच्या वरून फुंक. तिने फुंकलं आणि पट्टी वर आली. ती चकित झाली. वरून फुंकल्यावर खाली जायला हवी, वर कशी येते? पुन्हा पुन्हा फुंकून पाहिली. मी सांगितलं, वारा पत्र्याच्या वरून जोरात जातो तेव्हा असंच होतं, वरचा दाब कमी पडतो आणि आतली हवा पत्र्याला वर लोटते. त्याला हुकांनी वाशाशी घट्ट धरलेलं नसलं तर तो उचलला जातो.

दुसऱ्या दिवशी तिने घरून बुटाचं खोकं आणलं. मी सांगितलं नव्हतं. खोक्यावर पुठ्ठा ठेवला, पुठ्ठ्यावर पटांगणातले खडे मांडले, आणि स्वयंपाकघरातली फुंकणी घेऊन फुंकायला बसली. पुठ्ठा थोडा हलला. तिने फुंकणी सरकवली, पुन्हा गाल फुगवले. या खेपेला पुठ्ठ्याचा कोपरा उचलला, पुठ्ठा तिरका झाला, आणि खडे बाहेर न पडता घरंगळून खोक्यात पडले.

तिने पुठ्ठा बाजूला केला आणि आत पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

'दगडं नसते तर नुसता पत्रा गेला असता,' ती म्हणाली. 'लांब, रानात.'

तिने आतला एक खडा काढून तळहातावर घेतला.

'दगडं पप्पानं ठिवले हुते.'

'सगळेच ठेवतात गं,' मी घाईने म्हणाले. 'पत्रा उडू नये म्हणून ठेवतात. तुमच्यासाठीच ठेवले होते त्यांनी. त्यांना काय माहीत.'

'मायला ठाव हुतं,' ती म्हणाली. 'माय म्हनायची, हूक बसवा, हूक बसवा. पप्पा म्हनायचे, बसवू. रोज म्हनायचे.' मग माझ्याकडे न बघता म्हणाली, 'म्हून माय येत न्हाई.'

तेवढ्यात घंटा झाली आणि पोरं ताटं घेऊन धावली. मला त्या घंटेचं इतकं बरं वाटलं की काय सांगू. तिने खोकं बंद केलं आणि दप्तराशी ठेवलं. ती आता रोज हजेरी देत होती, वाचत होती, वारा असो नसो बोलत होती. पण त्या दिवसापासून काहीतरी मनात मांडून बसल्यासारखी दिसायची, आणि मला तिला विचारायचा धीर होत नव्हता.

पोळा झाला आणि तिची आई आली. एकटी नाही, भावाला घेऊन. मुलीचा शाळेचा दाखला काढायचा आणि तिला हदगावकडे घेऊन जायचं, एवढंच काम. म्हणून ते शाळेतच आले. बापाला कुणीतरी निरोप दिला, तो रानातून तसाच चिखलाच्या पायांनी आला आणि व्हरांड्याच्या कडेला उकिडवा बसला. सर सुट्टीवर होते, मी एकटीच. मी खुर्च्या दिल्या. बाई खुर्चीवर बसली नाही, खाली भिंतीला टेकून बसली. ओळखू येऊ नये इतकी वाळली होती. मुलगी आईजवळ गेली नाही, बापाजवळही गेली नाही. माझ्या खुर्चीशी उभी राहिली.

मी म्हणाले, दाखला देते, पण वर्षाच्या मधेच लेकराला का हलवता? दोघं इथे राहून बघा. मी हे म्हणायला नको होतं की काय, पण बांध फुटला तो त्यानेच.

'कुठं ऱ्हाऊ?' बाई म्हणाली. 'त्या पत्र्याखाली? याला म्या सांगून सांगून थकले. हूक बसव. वासे मोकळे हायती, हूक बसव. हा म्हने बसवू. अन् नेऊन ठिवला दगड, माझ्या लेकराच्या झोळीवर. इतके दिस म्या कुनाला बोलले न्हाई. आता बोलते. यानं मारलं माझं लेकरू.'

भावाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाप मान खाली घालून बोटाने फरशीवर रेघा ओढत होता. त्याने नाही म्हटलं नाही. तो काय म्हणणार होता? मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि कुठेतरी निघून जाईल, परत न येण्यासाठी. इतका तो संपल्यासारखा दिसत होता.

तेव्हा मुलगी बोलली. आवाज स्वच्छ होता.

'मामा, वारं म्या बोलावलं हुतं.'

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

'माय हळू मार म्हनली हुती हाक. म्या ऐकलं न्हाई. लई जोरात मारली. म्हून तेवढं मोठं आलं. लहान वारं आलं असतं तर दगड पडला नसता. पप्पानं काई न्हाई केलं.'

आईने तिला हळू मार असं कधीच म्हटलं नव्हतं. ते तिने आत्ता रचलं होतं. मी पुढे झाले, 'अगं, आपण पाहिलंय ना, रिबीन...' एवढंच म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली. इतकीशी, दुसऱ्या कुणाला कळणारही नाही अशी. मी गप्प झाले.

बापाने डोकं वर केलं. त्याने पोरीकडे पाहिलं, आणि मला दिसलं की त्याला कळलं. पोरीला सगळं माहीत आहे आणि ती काय करते आहे, दोन्ही कळलं. त्याचे ओठ हलले. एक शब्द बोलला असता तर मी त्याला जन्मभर मान दिला असता. त्याने मान पुन्हा खाली घातली.

आणि त्या बाईने, एप्रिलमध्ये स्वतःच्या तोंडून निघालेलं वाक्य पोरीच्या तोंडून आलेलं ऐकून, तोंडात पदर कोंबला. मग पोरीला ओढून घेतलं आणि रडली. 'न्हाई गं माझे माय, न्हाई,' एवढंच म्हणत राहिली. दाखल्याचं कुणी पुन्हा बोललं नाही. भाऊ संध्याकाळच्या गाडीने एकटाच परत गेला. पोरीने सगळं स्वतःवर घेतल्यावर बाईला नवऱ्याकडे बोट दाखवता येईना, ती राहिली.

दुसऱ्या दिवशी मी तिला पटांगणात गाठलं. मी रागावले होते. कुणावर, ते मलाच कळत नव्हतं.

'खोटं का बोललीस? तुला ठाऊक आहे ना, वारा हाकेनं येत नाही?'

'ठाव हाय मॅडम.'

'मग?'

'माय आली ना घरी,' ती म्हणाली. आणि मग, 'तुमी सांगू नका कुनाला.'

मी सांगितलं नाही. त्यांच्या पत्र्याला आता हूक आहेत, बापाने दगड एकट्यानेच उतरवले, मुलीला हात लावू दिला नाही. घर नीट चाललं आहे. आई आता थोडं खाते, हसतेही कधी. मुलगी चौथीत आहे, गणितात सगळ्यांच्या पुढे. यंदा तूर बडवायच्या दिवसांत मी दुपारच्या सुट्टीत त्यांच्या अंगणावरून जात होते. शेजारच्या बाया जमल्या होत्या, आईने सूप हातात घेतलं होतं, बाप पोत्याचं तोंड धरून बसला होता, सुट्टीत घरी आलेली मुलगी आईच्या मागे बसली होती. बेताचा वारा होता. आईने मागे न बघता म्हटलं, 'तू आत जा गं.' कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. ती उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं.